फ्लोरेन्सचा दुओमो बघायचाय: घुमट, पास आणि सासूबाईंचे गुडघे

केतकी_प

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही इटलीला जातोय. रोमहून सकाळच्या गाडीनं फ्लोरेन्सला पोचू. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ हातात आहे, मग व्हेनिस. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना जिने फार चढवत नाहीत, पण सपाटीवर दिवसभर फिरतील. देऊळ असो नाहीतर चर्च, त्या अगदी मन लावून बघतात, त्यामुळे दुओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, त्यांना नीट दाखवायचा आहे, नुसता बाहेरून फोटो काढून निघायचं नाही.

तिकिटांच्या साइटवर तीन वेगवेगळे पास दिसतात आणि कुणाला कुठला घ्यायचा ते कळत नाही. घुमट चढावा की शेजारचा मनोरा? दोन्ही झेपेल का? आम्ही वर असताना सासूबाईंनी काय करावं? आणि वेळ कमी आहे म्हणून संग्रहालय वगळलं तर चालेल का? मुलगा संग्रहालयांना लवकर कंटाळतो. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

आर्नोकाठ

केतकी, मी फ्लोरेन्सलाच राहतो आणि भारतातून कुणी आलं की पहिला प्रश्न हाच असतो. त्यामुळे जरा लांबण लावतो.

दुओमो म्हणजे एकच इमारत असं धरून चालू नका. एका चौकात सहा गोष्टी आहेत. सांता मारिया देल फियोरे हे कथेड्रल, त्यावरचा ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा घुमट, बाजूचा जोत्तोचा मनोरा, समोरची अष्टकोनी बाप्तिस्तेरी (बाप्तिस्मा द्यायची इमारत), कथेड्रलच्या जमिनीखाली सापडलेलं सांता रेपाराता हे जुनं चर्च, आणि मागच्या अंगाला संग्रहालय. यातल्या कथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, फक्त रांग लावावी लागते. बाकी सगळीकडे पास लागतो.

ब्रुनेलेस्की पासमध्ये घुमटासकट सगळं येतं, मोठ्यांना ३० युरो आणि ७ ते १४ वर्षांच्या मुलांना १२. जोत्तो पासमध्ये घुमट नाही, मनोरा आहे, २० युरो. गिबेर्ती पासमध्ये चढायचं काहीच नाही: संग्रहालय, बाप्तिस्तेरी आणि सांता रेपाराता, १५ युरो. दर मधूनमधून बदलतात, तेव्हा काढताना बघून घ्या. तुमच्या सासूबाईंसाठी हा तिसरा पास. चौघांना सरसकट सर्वांत महागडा पास काढणारी पुष्कळ कुटुंबं मी बघतो आणि आजी मंडळी त्यातली निम्मी ठिकाणं बघतच नाहीत.

पास तीन दिवस चालतो, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच जाता येतं. घुमटाची तारीख आणि वेळ तिकीट काढतानाच ठरते आणि नंतर बदलत नाही. म्हणून आधी घुमटाची वेळ पक्की करा, मग उरलेला दिवस तिच्याभोवती बसवा. उलट केलंत तर हव्या त्या वेळा गेलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये सकाळच्या वेळा बऱ्याच आधी संपतात. तारखा ठरल्या असतील तर आजच बघा. आणि २५ एप्रिलला इटलीत सार्वजनिक सुट्टी असते, १ मेलाही. त्या दिवसांत आख्खी इटली घराबाहेर पडते.

रविवारी कथेड्रल प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना आत सोडत नाहीत. इतर दिवशीही ते साधारण सव्वादहाला उघडतं आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास बंद होतं. संध्याकाळी निवांत जाऊ म्हणणाऱ्यांना दार बंद मिळतं.

संग्रहालयाबद्दल: कृपा करून वगळू नका. कथेड्रलमध्ये पाऊल टाकल्यावर बरेच लोक हिरमुसतात. बाहेरून हिरवा, गुलाबी, पांढरा संगमरवर बघून डोळे दिपलेले असतात आणि आत भिंती जवळजवळ मोकळ्या. याचं कारण, शतकानुशतकं या वास्तूसाठी घडवलेल्या मूर्ती आणि दारं जपणुकीसाठी पलीकडच्या इमारतीत नेलेली आहेत. बाप्तिस्तेरीचं सोनेरी दार, ज्यापुढे फोटोसाठी गर्दी असते, ती प्रतिकृती आहे. मूळ दार संग्रहालयात. कथेड्रल आणि संग्रहालय मिळून एक वास्तू होते, असं समजून दोन्हींना वेळ द्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते बंद असतं, एवढं फक्त तपासा.

घाटवाट

घुमटाला माझं मत. झेपत असेल तर सोडू नका.

४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि मधून परत फिरणं अवघड. प्रवेश कथेड्रलच्या उत्तरेकडच्या दारातून असतो, पुढच्या दर्शनी दारातून नाही. तिथे भलती रांग धरून उभे राहणारे रोज दिसतात. आधी दगडी गोल जिना लागतो, अंधारा आणि अरुंद. मग एकदम तुम्ही घुमटाच्या आतल्या कडेला, काचेच्या कठड्यामागे येता आणि वर आख्खं अंतिम न्यायदिनाचं चित्र. चित्रकार वसारीनं ते १५७२ मध्ये सुरू केलं, १५७४ मध्ये तो गेला आणि त्सुक्कारीनं १५७९ मध्ये पुरं केलं. खालून ज्या आकृत्या वीतभर वाटतात त्या तिथून माणसाहून कितीतरी मोठ्या दिसतात. नरकातले राक्षस तर हाताच्या अंतरावर असल्यासारखे. इथे मागचे लोक ढकलत असले तरी थोडं थांबा.

त्यानंतर खरी गंमत. हा घुमट दुहेरी आहे, एकात एक दोन कवचं, आणि जिना त्या दोन्हींच्या मधल्या पोकळीतून जातो. वर जाल तशी बाहेरची भिंत तुमच्या अंगावर झुकत येते. भिंतीकडे नीट बघा. गजऱ्यात मधेमधे आबोली ओवावी तशा आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या आहेत आणि त्या तिरक्या रेषेत वर वर चढत जातात. घुमट आत झुकायला लागला की ओला थर घसरणार, त्याला या उभ्या विटांनी अडवून धरलं. म्हणून खालून लाकडी सांगाड्याचा टेकू न देता हे बांधता आलं. ही वीण बघायला मिळते ती फक्त चढणाऱ्यालाच.

शेवटचा टप्पा आतल्या कवचाच्या पाठीवरून, सरळ आणि उभा. कठडा धरून जायचं. वर गेल्यावर वारा असतो, टोपी सांभाळा.

ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं, हृदयाचा त्रास आहे, चक्कर येते, किंवा गर्भवती आहेत त्यांनी जाऊ नये. तशी सूचनाही तिथे लावलेली आहे आणि ती मनावर घ्यावी अशीच आहे. काही ठिकाणी उतरणारे आणि चढणारे समोरासमोर येतात, भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते.

सांजवेळ

घाटवाट, वर्णन सुरेख. पण मी मनोऱ्याच्या बाजूची.

घुमटावरून सगळं फ्लोरेन्स दिसतं, एक घुमट सोडून. मनोऱ्यावरून घुमट समोर दिसतो, जवळजवळ त्याच्या खांद्याच्या उंचीला. वर उभी असलेली माणसं मुंगीएवढी दिसतात, त्यावरून त्या विटांच्या डोंगराचा आकार डोक्यात शिरतो. पायऱ्या ४१४, म्हणजे फार कमी नाहीत, पण वाटेत मजले आहेत, तिथे टेकता येतं, हवा खाता येते, नको वाटलं तर तिथूनच उतरता येतं. उंची ८५ मीटरच्या आसपास. वरच्या गच्चीला जाळी आहे, फोटोवाल्यांना ती खुपते, पण लहान मूल बरोबर असताना मला ती बरी वाटली.

माझे वडील पासष्टीचे, ते मनोरा आरामात चढले. घुमटाच्या त्या बंद जिन्यात त्यांना मी नेलं नसतं.

दोन्ही एका दिवशी करू नका. तसं करणाऱ्यांचे दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत आणि उरलेलं फ्लोरेन्स बाकावर बसून बघावं लागतं.

घाटवाट

सांजवेळ, फोटोसाठी मनोरा, मान्य. पण फ्लोरेन्सला येऊन त्या घुमटाच्या पोटात न शिरणं मला पटत नाही. तो बांधला कसा हे समजायला दुसरी जागा नाही.

सांजवेळ

बांधला कसा ते संग्रहालयातही कळतं, आणि तिथे लिफ्ट आहे. :)

केतकी_प

आर्नोकाठ, घाटवाट, सांजवेळ, तिघांचेही मनापासून आभार. गिबेर्ती पासचं तर आम्हाला सुचलंच नसतं. मुलगा गड चढलेला आहे, राजगड, हरिश्चंद्रगड वगैरे, त्यामुळे घुमट त्याला आवडेल असं वाटतंय. पण संग्रहालयात त्याला रमवायचं कसं, तेवढं सांगाल का?

खडूफळा

केतकी, मी शाळेत इतिहास शिकवते, मुलांना घेऊन फिरायची सवय आहे. नऊ वर्षांचा मुलगा असेल तर त्याला चित्रकारांची नावं सांगू नका, भांडण सांगा. खरोखरचं भांडण आहे.

१४०१ मध्ये बाप्तिस्तेरीच्या दारासाठी स्पर्धा लागली. ब्रुनेलेस्की आणि गिबेर्ती दोघंही सोनारकामात तयार झालेले तरुण. काम मिळालं गिबेर्तीला. ब्रुनेलेस्की रोमला गेला आणि जुन्या पडक्या इमारती मोजत बसला. इकडे कथेड्रलची गंमत अशी की १२९६ मध्ये काम सुरू झालं, भिंती उभ्या राहिल्या, पण घुमटाच्या जागी भलंमोठं अष्टकोनी भोक. जमिनीपासून ५० मीटरहून जास्त उंचीवर, सुमारे ४५ मीटर रुंदीचं. त्यावर छप्पर कसं घालायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी पिढ्यान् पिढ्या बांधत राहिले, कुणीतरी येईल आणि करील या भरवशावर! मुलाला त्या जागी उभा करून विचारा, तू काय केलं असतंस? टेकूला एवढं लाकूड आणायचं कुठून?

१४१८ मध्ये पुन्हा स्पर्धा, १४२० मध्ये काम सुरू, आणि या वेळी ब्रुनेलेस्की. तरी सोबतीला गिबेर्ती बसवलाच. १४३६ मध्ये घुमट पुरा. विटा सुमारे चाळीस लाख धरतात. त्यानं बैलांनी फिरवायचं एक यंत्र केलं होतं, त्यात बैल न वळवता दाते बदलले की माल वर जायच्याऐवजी खाली यायचा. कामगारांचा उतरण्या-चढण्यात वेळ जाऊ नये म्हणून वरच जेवणाची सोय केली होती, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. संग्रहालयात त्या काळच्या कप्प्या आणि अवजारं आहेत, घुमटाच्या शेंड्याचं लाकडी प्रारूप आहे, आणि खुद्द ब्रुनेलेस्कीच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला साचा आहे. मुलं त्या चेहऱ्यापाशी थांबतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी विजापूरचा गोलघुमट आठवावा. तो १६५६ चा, म्हणजे याच्याहून दोनशे वर्षांनी धाकटा, पण आवाका त्याच तोडीचा. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर गोल घुमट पेलला आहे, इथे अष्टकोनाच्या आठ पाकळ्या एकाच वेळी वर चढवत नेल्या. दोन्ही बघितलेल्या मुलाला हा फरक चटकन कळतो. तुमच्या मुलानं गोलघुमट बघितला असेल तर निम्मं काम झालं.

संग्रहालयात एवढं चुकवू नका. तळमजल्याचा मोठा दिवाणखाना, जिथे कथेड्रलचा जुना दर्शनी भाग पूर्ण आकारात पुन्हा उभा केलाय आणि समोर गिबेर्तीची मूळ दारं. दहा चौकटींचं ते सोनेरी दार करायला त्याला १४२५ ते १४५२ एवढा काळ लागला. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात त्यातल्या पाच चौकटी निखळून पडल्या होत्या. मग मायकेलएंजेलोचा पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरणाऱ्यांचं शिल्प. हा त्यानं म्हातारपणी केला, वैतागून स्वतःच हातोडा घालून फोडला, मागून आधार देणाऱ्या म्हाताऱ्याला स्वतःचा चेहरा दिला आहे. आणि दोनातेल्लोनं घडवलेली येशूची शिष्या मॅग्डालेन, लाकडाची. उपासानं झिजलेली, केसांत गुंडाळलेली बाई. सासूबाईंना तिच्यापाशी बसू द्या, घाई करू नका.

आर्नोकाठ

खडूफळा, फार छान. यात एक जोडतो: संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर गच्ची आहे, तिथून घुमट अगदी समोर दिसतो. लिफ्टनं वर जायचं. ज्यांना कुठेच चढायचं नाही त्यांना घुमट जवळून बघायला याहून चांगली जागा नाही.

आणि तिथून घुमटाच्या बुडाशी बघा. आठ बाजूंपैकी एकाच बाजूला संगमरवरी सज्जा आहे, बाकी सात बाजूंना उघडी ओबडधोबड वीट. मायकेलएंजेलोनं त्या सज्ज्याला रातकिड्यांचा पिंजरा म्हटलं असं सांगतात, आणि काम तिथेच थांबलं ते कायमचं.

कथेड्रलच्या आत काय बघावं तेही सांगून टाकतो, कारण लोक पाच मिनिटांत चक्कर मारून बाहेर पडतात. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला वर वळून बघा, पाओलो उच्चेल्लोनं १४४३ मध्ये रंगवलेलं घड्याळ आहे. चोवीस तासांचं, काटा उलटा फिरतो, आणि दिवस मोजायचा तो सूर्यास्तापासून. चालू आहे. डाव्या भिंतीवर कवी दान्तेचं चित्र, १४६५ चं. हातात पुस्तक, मागे नरक आणि स्वर्ग, आणि उजवीकडे हाच घुमट. दान्ते वारला तेव्हा हा घुमट नव्हता, आणि ज्या गावानं त्याला हद्दपार केलं त्याच गावानं त्याला कथेड्रलच्या भिंतीवर जागा दिली. १४७८ मध्ये याच छताखाली प्रार्थना चालू असताना गावावर सत्ता असलेल्या घराण्यातल्या जुलियानो मेदिचीचा खून झाला, त्याचा भाऊ लोरेन्झो जखमी होऊन निसटला. मुलाला ही हकिगत हवी असेल तर तिथेच सांगा. खाली सांता रेपारातात ब्रुनेलेस्कीची कबर आहे, १९७२ मध्ये सापडली. तिकडे मात्र जिना उतरावा लागतो.

कथेड्रलच्या दाराशी पायऱ्या आहेत, पण दक्षिणेच्या बाजूनं व्हीलचेअरवाल्यांसाठी प्रवेश आहे. गुडघेदुखी असेल तर तिथल्या माणसाला विचारा, मदत करतात.

बाप्तिस्तेरीच्या छताच्या मोझेइकचं जतनाचं मोठं काम सुरू आहे, ते काही वर्षं चालणार आहे. परांची बांधलेल्या असतील, छत पूर्ण दिसेलच असं धरू नका.

पंचगंगाकाठ

धागा वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही सगळे दुओमोबद्दल बोलताय, पण फ्लोरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसानं आणखी एका ठिकाणी जाऊन यावं असं मला कळकळीनं वाटतं.

आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीच्या काळातले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परत येताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. वय अवघं वीस. परमुलखात हिंदू पद्धतीनं दहन, ते पण त्या काळात! परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगीत, फेटा आणि दागिन्यांसह. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्यानं पुढे आमच्या कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. शेजारच्या पुलाचं नावच पोन्ते आल्ल इंदियानो, म्हणजे त्या भारतीयाचा पूल.

याचा दुओमोशी संबंध काय? मला वाटतं आहे. महाराज फ्लोरेन्समध्ये होते तेव्हा ते गाव इटलीची राजधानी होतं, आणि दुओमोचा आज आपण ज्याचे फोटो काढतो तो रंगीत दर्शनी भाग तेव्हा नव्हताच. जुना दर्शनी भाग सोळाव्या शतकात उतरवला होता आणि तेव्हापासून समोरची भिंत उघडी होती. आताचा दर्शनी भाग एमिलियो दे फाब्रिसच्या आराखड्यावरून झाला आणि १८८७ मध्ये पुरा झाला. म्हणजे कोल्हापूरकरांची छत्री दुओमोच्या तोंडवळ्याहून तेरा वर्षांनी जुनी आहे. समोर उभं राहून सगळं मध्ययुगीन आहे असं वाटतं खरं, पण ती भिंत आपल्या पणजोबांच्या काळातली.

कासीने नावाच्या लांबलचक बागेच्या पश्चिम टोकाला ही छत्री आहे. ट्रॅमनं बागेपर्यंत जाता येतं, पुढे बरंच चालावं लागतं. सायकल घेतलीत तर मजेत जाल. वयस्कर माणूस बरोबर असेल तर टॅक्सी करा.

केतकी_प

पंचगंगाकाठ, अंगावर काटा आला. माझं माहेर सांगलीचं, आणि हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, बाकी काही राहिलं तरी चालेल, तिथे जायचंच. फुलं न्यायला चालतील ना?

पंचगंगाकाठ

ताई, जरूर न्या. माझ्याही वतीनं दोन वाहा.

ओवीबाई

वाचनखूण साठवली. आमचीही सप्टेंबरात ट्रिप आहे. माझ्याकडून दोन-तीन छोट्या गोष्टी.

तिकीट फक्त दुओमोच्या अधिकृत साइटवरून काढा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं कुठल्याशा मधल्या साइटवरून दुपटीनं पैसे भरले आणि हातात आला तो घुमट नसलेला पास. पासचं नाव आणि त्यात घुमट आहे की नाही, पैसे भरायच्या आधी वाचा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही. हाफपँटवाल्या मुलांना अडवतात का यावर वाद नको, पूर्ण पँट घाला. सासूबाई साडी नेसत असतील तर प्रश्नच नाही.

मोठी सॅक आणि ट्रॉली आत नेऊ देत नाहीत. घुमटावर तर नाहीच. पासवाल्यांसाठी सामान ठेवायची सोय चौकातच आहे, पण हॉटेलात टाकून येणं सगळ्यात सोपं. स्टेशन ते दुओमो पायी पंधरा मिनिटांच्या आत येतं, टॅक्सीची गरज नाही.

चौकाच्या आसपास जमिनीवर चित्रं पसरून बसलेले लोक असतात. फोटोच्या नादात चित्रावर पाय पडला की पैसे मागतात. वर बघत चालणारा सापडतोच, म्हणून चालताना खाली बघा आणि बघताना उभे राहा. खिसे आणि पर्स सांभाळा, विशेषतः रांगेत.

पाण्याची बाटली विकत घेत बसू नका. पियात्सा देल्ला सिन्योरियात पालात्सो वेक्कियोच्या कडेला सार्वजनिक नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही पाणी फुकट मिळतं.

शाकाहारी असाल तर रिबोल्लिता मागवा, पाव, पांढरी घेवड्याची बी आणि पालेभाजीचं दाट सूप. मांसाचा रस्सा नाही ना, तेवढं विचारा. पाप्पा आल पोमोदोरो हे टोमॅटो आणि पावाचं, तेही पोटभरीचं. सासूबाईंना हे दोन्ही चावायला मऊ पडतील.

बर्लिनस्थ

ओवीबाईंना +१. गाडी भाड्यानं घेणाऱ्यांसाठी: फ्लोरेन्सच्या मध्यभागात ठरावीक वेळा बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. गाडी बाहेर लावून ट्रॅमनं या.

ईस्टरच्या रविवारी जाणाऱ्यांनी मात्र गर्दीला न घाबरता जावं. पांढरे बैल जुंपलेला उंच सजवलेला गाडा दुओमोसमोर आणतात, आतल्या वेदीपासून तारेवरून कबुतराच्या आकाराचा अग्निबाण सुटतो, गाड्याला लागतो आणि भर सकाळी दारूकाम. आपल्या जत्रेची आठवण येणारच. जागा धरायला फार लवकर जावं लागतं.

केतकी_प

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ! आताच घुमटाच्या वेळा बघितल्या. आमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८:१५ ची वेळ शिल्लक आहे. पहिल्या दिवशी फक्त दुपारी अडीचची. कुठली घेऊ?

आर्नोकाठ

८:१५. डोळे मिटून. सकाळी हवा गार असते, जिन्यात गर्दी कमी, आणि उतरणारे अजून सुरू झालेले नसतात त्यामुळे समोरून कुणी येत नाही. वेळेच्या थोडं आधी उत्तरेच्या दाराशी हजर राहा, उशीर झाला तर सोडतीलच याची खात्री नाही.

मग असं बसवा. पहिल्या दिवशी पोचल्यावर सामान टाका आणि थेट संग्रहालय. दोन तास द्या, मुलाला खडूफळांनी सांगितलेलं भांडण तिथेच ऐकवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी विटा बघताना त्याला कळेल आपण काय बघतोय. जेवण करून दोनच्या सुमारास कथेड्रलच्या रांगेत. सकाळची रांग तोवर ओसरलेली असते, आणि साडेतीनच्या आत बाहेर पडायचं हे लक्षात ठेवा. तिथून जमलं तर बाप्तिस्तेरी. संध्याकाळी टॅक्सीनं छत्रीवर जा, उजेड असेपर्यंत पोचा. एप्रिलच्या शेवटी आठपर्यंत उजेड असतो.

दुसऱ्या सकाळी तुम्ही तिघं घुमटावर. तेवढ्या वेळात सासूबाईंना एकट्या ठेवायचं नसेल तर तुमच्यापैकी एकानं खाली थांबा आणि पास एक कमी काढा. एकट्या बसणार असतील तर कथेड्रलच्या दक्षिणेला आर्नोल्फो आणि ब्रुनेलेस्की यांचे बसलेले पुतळे आहेत, ती भेटायची जागा ठरवा. कुणालाही दाखवता येते, चुकत नाही. ब्रुनेलेस्कीचा पुतळा मान वर करून घुमटाकडेच बघतोय, तुम्ही वरच्या गच्चीत आलात की त्यांना तिथूनच कळेल.

कथेड्रलच्या मागच्या बाजूला फरसबंदीत एक पांढरी संगमरवरी चकती आहे, ती मुलाला शोधायला लावा. घुमटाच्या शेंड्यावरचा सोनेरी गोळा शिल्पकार वेरोक्कियोनं केला आणि १४७१ मध्ये वर चढवला. तेव्हा लिओनार्दो त्याच्याकडे शिकत होता. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वीज पडून तो गोळा खाली आला, ती जागा या चकतीनं दाखवली आहे. आता वर आहे तो नंतरचा.

केतकी_प

८:१५ ची वेळ घेतली! आम्हा दोघांना आणि मुलाला ब्रुनेलेस्की, सासूबाईंना गिबेर्ती. त्या म्हणाल्या पुतळ्यापाशी बसते, माझी काळजी करू नका.

क्षितिजा

धाग्यात घुसतेय. आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जातोय. घुमटातून सूर्याचा कवडसा जमिनीवर पडतो म्हणे, ते बघता येतं का?

आर्नोकाठ

येतं, आणि तुमच्या तारखा अगदी योग्य आहेत. १४७५ मध्ये तोस्कानेल्ली नावाच्या गणितज्ञानं घुमटाच्या शेंड्याशी भोक असलेली पट्टी बसवली. सुमारे ९० मीटर उंचीवरून येणारा तो कवडसा २१ जूनच्या आसपास डावीकडच्या अंगातल्या फरशीवरच्या संगमरवरी खुणेवर येऊन बसतो. याच तोस्कानेल्लीनं पश्चिमेकडून समुद्रमार्गे आशियाला पोचता येईल असं पोर्तुगालला लिहून कळवलं होतं. जूनमध्ये काही ठरावीक दिवशी नाव नोंदवून हे बघू देतात, सूचना साइटवर येते, मे महिन्यापासून लक्ष ठेवा. घड्याळ पुढे केलेलं असल्यामुळे इथली खरी मध्यान्ह बारा वाजता होत नाही, दुपारी सव्वा वाजून गेल्यावर होते. त्या दिवशी जेवण उशिरा ठेवा आणि जागा धरायला आधी जा, कवडसा सरकताना बघण्यातच मजा आहे.